सूचना फलक, हमरिया

जून लागला की बलदियाचा कागद येतो,
वर अरबी, खाली इंग्रजी, कोपऱ्यात निळा शिक्का.
त्याच्याखाली चार बोटं कोरी जागा उरते,
तिथे मी मराठी लिहिते, बॉलपेननं.
कुणी सांगितलेलं नाही. माझा पगार भाड्याच्या पावत्या फाडण्याचा.
पण पाचव्या मजल्यावर एका खोलीत नऊजण आहेत,
दापोलीचे, मंडणगडचे, एक महाडचा,
आणि दिलावर परकारांची शाळा चौथीत सुटली,
म्हणजे इंग्रजी यायच्या आधीच.

कचऱ्याची गाडी आता पहाटे चारला.
पिशवीला गाठ मारा, मासळीचं पाणी आधी निथळू द्या.
मंगळवारी टाक्या धुणार, बादल्या भरून ठेवा.
बाग संध्याकाळी पाचनंतर.
झोपाळ्याच्या साखळीवर आधी तांब्याभर पाणी ओता
(हे कागदात नाही, हे माझं;
दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीचा तळवा मी पाहिलाय).

मग ती ओळ येते, जिच्यापाशी पेन थांबतं.
'उष्णता' लिहिलं तर दवाखान्याच्या भिंतीवरचं वाटतं.
ऊन म्हणावं, तर ऊन आपण पापडांना दाखवतो.
रखरख कोरडी असते; इथे समुद्रच उठून
हवेत उभा राहतो,
दार उघडलं की चष्मा आंधळा.
झळ, तलखी, उकाडा.
खोडत खोडत शेवटी लिहिलं:
काहिलीपासून स्वतःला जपा.

दिलावरभाई फलकासमोर उभे, ओठ हलवत.
"काहिली म्हणजे काहिलीतली ना, बाई?
कराडकडे गुऱ्हाळावर दोन हंगाम होतो मी.
रस उकळायचा तीत. कडेला उभं राहून ढवळायचा.
इथे आम्ही आत असतो.
बरोबर लिहिलंत."

पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली.
दुपारी साडेबारा ते साडेतीन
उघड्यावर काम बंद. तक्रारीसाठी खालील नंबर.
"हे सगळ्यांना?"
सगळ्यांना.
"वादी कबीरच्या पलीकडेही?"
तिथेही.
ते काही बोलले नाहीत. टोपी काढली,
आतला मिठाचा पांढरा काठ नखानं खरवडला,
पुन्हा घातली.

नंबर मी लावला. अकरा मिनिटं संगीत.
मग नसरा नावाची मुलगी, आवाज झोपेतून उठल्यासारखा.
तक्रारदाराचं नाव?
माझ्या जिभेवर नऊ नावं आली, नऊ व्हिसे,
नऊ घरांची पत्र्याची नवी छपरं.
रहिवासी, म्हटलं. हमरियाचा एक रहिवासी.
"तेवढं पुरे," ती म्हणाली. "साईटचा पत्ता सांगा."

बुधवारी पांढरी गाडी गेली म्हणे तिथे.
गुरुवारी दुपारी ट्रकच्या सावलीत
माणसं आडवी होती, तोंडावर रुमाल,
महाडचा पोरगा घोरतही होता.
आणि शनिवारपासून सगळ्यांना रात्रपाळी.
चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही.
रात्रीही छत्तीस असतं. पण निदान डोक्यावर
कुणी उभं नसतं, म्हणतात, वरचं तरी.

आता दिलावरभाई दिसत नाहीत.
ते येतात तेव्हा कचऱ्याची गाडी येते,
मी झोपलेली असते.

काल फलकावर माझ्या अक्षराखाली
पेन्सिलीनं चार ओळी होत्या, रेघ नसूनही सरळ,
प्रत्येक शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी:

नळाचे पाणी भाजते.
गिझरचे बटण बंद ठेवावे.
थंड पाणी गिझरमधून घ्यावे.
— रहिवासी

बलदियाचा शिक्का माझ्याकडे कुठला?
खणात एकच आहे, भाड्याचे पैसे मिळाले की मारायचा,
'मिळाले' एवढंच म्हणणारा.
तोच मारला. जरा तिरका उमटला.